बायडाबाईला घरी आणलं

माझी सासू महाराष्ट्रभर मेलेली आहे. लातूरला मेली, संगमनेरला मेली, पुण्यात तर घरोघरी मेली. ज्यांच्या हातात मेली ते लोक अजून चिडलेले आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी फोन करून तो राग माझ्यावर काढला आहे. तेव्हा खरं काय झालं ते एकदा मीच सांगून टाकते. मी ज्योती. कर्जतजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे आणि लंकाबाईंची सून आहे. यातली दुसरी ओळख जास्त मोठी आहे, हे मला अलीकडेच कळलं.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी उभा जन्म ऊस तोडला. दिवाळी झाली की मामा, म्हणजे माझे सासरे (नाव श्रीमंत), आणि त्या बिऱ्हाड बांधून सांगलीकडं निघायचे, ते उन्हाळ्यातच घराचं दार उघडायचे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मामा सांगतात की त्यांच्या जोडीत पाऊण कोयता आत्याबाईच होत्या आणि पाव ते स्वतः, आणि त्या पावातून विड्या ओढायचा वेळ अजून वजा केलेला नाही.

उसाच्या फडाच्या या टोकावरून त्या टोकाला हाक पोचवायची सवय, त्यामुळे आत्याबाईंचा आवाज असा की घरात मीठ मागितलं तर शेजारीण घेऊन येते. तोंडही तसंच, पट्ट्यासारखं चालतं. फक्त कौतुक नावाची भाजी त्यांच्या चुलीवर कधी शिजली नाही. सणाच्या पोळ्या कितीही मऊ झाल्या तरी "बरं हाय." अंगदनं टेम्पो घेतला, "बरं हाय." (नवऱ्याचं नाव घेतेय, उखाण्याशिवाय, पण आता चालतं.) मला अंगणवाडीची नेमणूक मिळाली तेव्हा मी पेढा घेऊन पाया पडायला गेले, तर पेढा तोंडात टाकून म्हणाल्या, "बरं हाय, साखर जास्त झाली." स्वतःबद्दल तर त्या एवढंही बोलायच्या नाहीत.

आणि एक सल माझ्या मनात होता, तोही आधीच सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. माझं लग्न झालं त्या वर्षी मामांचे गुडघे गेले होते. अशा वेळी म्हाताऱ्या जोडीनं थांबायचं आणि नव्या जोडीनं कोयता धरायचा, ही रीतच आहे. वस्तीवरच्या सगळ्या नव्या सुना निघाल्या. मीही बोचकं बांधलं, साडीचा काष्टा मारला, कोयता हातात घेऊन ट्रॅक्टरपाशी उभी राहिले. आत्याबाईंनी चार बायकांसमोर तो कोयता माझ्या हातातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "तुला न्हाई जमायचा. तू ऱ्हा घरी, बुकं वाच तुजी." बायका हसल्या. अंगदच्या जोडीला त्या स्वतः गेल्या आणि टेम्पो येईपर्यंत हंगामामागून हंगाम जातच राहिल्या. मी मागं राहून शिकले, नोकरीला लागले, पण ते "न्हाई जमायचा" मी रोजच्या भाकरीबरोबर खाल्लं आहे.

आता ज्या गेममुळे हे सगळं झालं, त्याकडं येते. लग्नानंतर शिकायला नगरच्या हॉस्टेलला असताना स्टेलाबाई नावाच्या शिक्षिका आम्हाला शिकवायला होत्या. चर्चमध्ये पेटी वाजवायच्या, वर्गात छडी. त्यांचा मुलगा केविन आणि त्याचे दोघं-तिघं दोस्त केडगावात एक माळा भाड्यानं घेऊन मोबाईलवरचा गेम बनवत होते. नाव 'फडापल्याड'. त्यात खेळणारा माणूस म्हणजे ऊसतोडीच्या टोळीत पहिल्यांदाच आलेली एक पोरगी. तिनं हंगाम काढायचा आणि धडपणे घरी परतायचं, एवढाच खेळ. तिच्याबरोबर सतत एक म्हातारी असते, बायडाबाई. ती कोयता कसा धरायचा ते शिकवते, पाणी कुठं मिळेल ते दाखवते, उपाशी झोपू देत नाही. या बायडाबाईला आवाज हवा होता. शहरातल्या नाटकवाल्या बायकांचे आवाज केविननं घेऊन पाहिले, पण त्यांच्या तोंडून ऊस काही तुटेना. स्टेलाबाईंनी मला फोन केला. त्यांना माझी सासू माहीत होती, कारण एकदा आत्याबाई हॉस्टेलवर मला डबा द्यायला आल्या होत्या आणि फाटकावरून मारलेली हाक दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात ऐकू आली होती.

केडगावच्या त्या माळ्यावर एका खोलीच्या भिंतींना गाद्या बांधलेल्या होत्या. आत्याबाईंनी आत शिरताच विचारलं की गाद्या उभ्या करून हे झोपतात कसे. केविन वाक्य सांगायचा, त्या आपल्या पद्धतीनं म्हणायच्या. वाक्यं कुठल्याच क्रमानं नव्हती. आधी शिव्या, मग जेवणाचं, मग मुकादमाशी भांडण, मग पुन्हा पहिल्या दिवसाचं. त्यांना जसं सोयीचं तसं ते घेत गेले. गोष्ट काय आहे, हे आत्याबाईंना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी काचेपलीकडं बसून ऐकत होते. त्या नव्या पोरीला त्या म्हणत होत्या, "घाबरू नको बाय, हळूहळू जमतंय. हात असा धर." तेही इतक्या मायेनं. म्हटलं, गेममधल्या पोरीला जमतंय, मला तेवढं जमत नव्हतं.

चहा झाल्यावर केविननं सहज विचारलं की मावशी, चालता चालता दम लागला तर टोळीला तुम्ही काय सांगता. आत्याबाई बशी खाली ठेवत म्हणाल्या, "दम लागला जरा. तुमी व्हा म्होरं, मी आलेच." केविननं ते तसंच उचललं. आणखी एकदा म्हणा, असंही म्हणाला नाही. जिन्यावरून उतरताना आत्याबाई मला म्हणाल्या की पोरगं भलं आहे, पण याला कामधंदा नाही.

गेम आला आणि लोकांनी बायडाबाईला डोक्यावर घेतलं. पोरं तिची वाक्यं एकमेकांना पाठवायला लागली. कर्जतच्या स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला अजिनाथ, हा माझा चुलत दीर, गिऱ्हाइकाला फोन परत देताना बायडाबाईच्या आवाजात "नीट वापर, मुडद्या" असं ऐकवायचा. मी पण खेळायचे. दुपारी लेकरं घरी गेली की अंगणवाडीच्या उंबऱ्यावर बसून मी फडात शिरायचे आणि माझ्याच सासूकडून कोयता धरायला शिकायचे. खोटं कशाला सांगू, ती बायडाबाई मला फार आवडायला लागली होती.

मग चौथा भाग लागला. कडक ऊन. बांधावर बायडाबाई खाली बसते आणि म्हणते, "दम लागला जरा. तुमी व्हा म्होरं, मी आलेच." तुम्ही पुढं जाता, तोडता, मोळी बांधता, परत येता. ती मोळीला टेकून डोळे मिटून बसलेली असते आणि उठत नाही. पडदा काळा होतो. पुन्हा उजाडतो तेव्हा दुसरा फड असतो, टोळी तोडत असते, आणि तुमच्या शेजारी कुणीच नसतं.

मी फोन आपटणार होते, पण हप्ते चालू होते. पुन्हा त्या जागी गेले. माझं सगळं पाणी तिला पाजलं, मेली. आधीच सावलीला नेलं, तिथं बसेना, पुढं येऊन बांधावर बसली आणि मेली. तिच्याजवळून हललेच नाही, तर ती बसून राहिली आणि "तुमी व्हा म्होरं" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, शेवटी बॅटरी संपली. मामा बाजेवरून बघत होते. ते म्हणाले की त्या दिवशी फडात जाऊच नको, मुकादमाला नाही म्हण. मी शोधलं, तर तसं बटणच नव्हतं. मामा म्हणाले, "आमालाबी नव्हतं."

अजिनाथनं तर दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढून हाच उद्योग धरला. त्याचं म्हणणं, वाट असणारच, केविननं ती लपवली आहे. पाटाच्या कडेनं जाऊन बघितलं, मोळ्या कमी बांधून बघितल्या, आदल्या दिवशी तिला दोनदा जेवायला घालून बघितलं. काही होईना. तिकडं लोक केविनला शिव्या घालत होते की म्हातारीला मारून तुम्हाला काय मिळालं. काही शहाण्यांनी अंगदचा नंबर मिळवला, त्यांना लंकाबाईंनाच विचारायचं होतं की तुम्हाला वाचवायचं कसं. मी तो फोन त्यांच्यापर्यंत जाऊ दिला नाही. माणसाला त्याचं मरण कोणत्या तोंडानं दाखवायचं?

पण झाकलेलं किती दिवस झाकलेलं राहणार. अजिनाथनं एके दिवशी हार मानली आणि दुःखात स्टेटस ठेवलं. खाली तो शेवटचा आवाज, आणि वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. बायडाबाईचं चित्र त्याला नीट काढता आलं नाही, म्हणून त्या गाढवानं आत्याबाईंचा फोटो लावला. केविनच्या माळ्यावर काढलेला, हिरव्या साडीतला. वर झेंडूचा हारही चिकटवला. ते स्टेटस फिरत फिरत सोनईला पोचलं. सोनईला आत्याबाईंची धाकटी बहीण दिली आहे, छबूबाई.

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्याबाई ओट्यावर सुपात लसूण सोलत होत्या, मी नुकतीच घरी आले होते. पांदीतून एक जीप आली. थांबायच्या आत छबूमावशी खाली उतरली आणि वाटेपासूनच तिनं सूर धरला. आमच्याकडं बायका नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाचा एकेक गुण घेऊन, त्याला हाक मारून रडतात. मागं भाचे, जावा, आणि एकीच्या डोक्यावर भाकरी-पिठल्याची पाटी, कारण मयताच्या घरी चूल पेटत नाही, पाहुण्यांनी घास आणायचा असतो. छबूमावशीच्या डोळ्यांवर पदर. ती रडत रडत म्हणत होती, "माज्या लंके गं, आई मेल्यावर मला पाठीवर घिऊन फडात नेलं गं. सवता उपाशी राहून मला घास दिला गं. माज्या लग्नात हातातली पाटली मोडली गं, आन् कुनाला बोलली न्हाई गं."

लसणाची पाकळी हातात तशीच धरून आत्याबाई ऐकत होत्या. मला वाटलं, आता आवाज चढणार. पण त्यांनी बहिणीला रडू दिलं. बहिणीनं पाटलीपर्यंत येऊन पदर काढला, समोर बघितलं आणि मटकन खाली बसली. आत्याबाई म्हणाल्या, "पाटलीचं तुला कोनी सांगितलं?"

मग जे व्हायचं ते झालं. रडणं हसण्यावर गेलं, हसणं पुन्हा रडण्यावर. मी मावशीला म्हटलं की अहो, एक फोन करून खात्री करायची होती. ती माझ्यावरच उखडली की मयताच्या घरी फोन करून 'मेली का' म्हणून कोण विचारतं, तुझ्या माहेरी विचारतात का. मामांनी जाहीर केलं की मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं, त्यामुळे ही बया आता आपल्या सगळ्यांना पोचवून मगच जाणार. आणलेलं पिठलं-भाकरी सगळ्यांनी मिळून खाल्लं. अजिनाथ मात्र त्या दिवशी वस्तीवर फिरकला नाही.

पाहुणे असतानाच आत्याबाईंनी मला फोन काढायला लावला. लपवायला आता काही उरलं नव्हतं. मी तो भाग लावून त्यांच्या पुढ्यात धरला. बायडाबाई बसली, बोलली, मिटली. पडदा काळा झाला, मग दुसरा फड उजाडला.

"मंग म्होरं?" आत्याबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, पुढं काही नाही, पुढचं काम.

"म्हंजे मला तितंच टाकलं?"

त्यांनी लसणाचं सूप उचललं आणि आत गेल्या. त्यांच्या आवाजाला मी घाबरते, पण न ओरडता आत गेलेल्या आत्याबाई त्या दिवशी पहिल्यांदा बघितल्या.

मामांनी मग आम्हाला चंपाबाईची गोष्ट सांगितली. आत्याबाईंनी ती कधीच सांगितली नसती. सांगलीकडं एका हंगामात टोळीतली चंपाबाई तापानं गेली. ट्रक भरायला उभा होता. मुकादम म्हणाला की बाईला कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, झाकून ठेवा, ट्रक भरून द्या, संध्याकाळी बघू. आत्याबाईंनी त्याच्यासमोर कोयता जमिनीत रोवला आणि खाली बसल्या. त्यांचं बघून मामा बसले, मग एकेक करत सगळी टोळी बसली. मुकादमानं आरडाओरडा केला, धमक्या दिल्या, शेवटी ट्रॅक्टर दिला. सगळी टोळी ट्रॉलीत बसून चंपाबाईला तिच्या गावी घेऊन आली, तिच्या माणसांच्या ताब्यात दिली, माती झाली, आणि मग परत जाऊन त्यांनी तोच फड पुरा केला. मामा म्हणाले, "तवापासनं आमच्या टोळीत कुनाला तसं म्हनायची मुकादमाची छाती झाली न्हाई." आतून आत्याबाईंचा आवाज आला की पुरे झालं, कोणीही केलं असतं.

कोणीही केलं नसतं, हे मला तेव्हाच कळलं. पण तोंडावर म्हणायची सोय नव्हती.

आठवडाभरानं केविन स्वतःच आला. लोकांच्या शिव्या खाऊन पोरगं वाळलं होतं. स्टेलाबाईही बरोबर होत्या. केविननं लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की आम्ही ठरवलंय, बायडाबाईला वाचवायचं. नवा तुकडा तयार केला होता. वेळेत पाणी दिलं की बायडाबाई उठते, चालायला लागते आणि हंगाम संपवून घरी येते. फक्त त्या शेवटच्या भागाचे संवाद हवे होते. तोवर अर्धी वस्ती आमच्या ओट्यावर जमली होती. बायडाबाई उठून उभी राहिली तेव्हा टाळ्या पडल्या. अजिनाथ, जो तोंड लपवून मागं उभा होता, तो पुढं येऊन पेढे वाटायला लागला. मीही टाळ्या वाजवल्या. मला ती जिवंत हवी होती.

आत्याबाई म्हणाल्या, "न्हाई."

केविनला वाटलं, त्यांना समजलं नाही. त्यानं पुन्हा दाखवलं. आत्याबाईंनी लॅपटॉपचं झाकण हातानं खाली केलं. "मानूस मरतंय, बाबा. उन्हात राबलेलं मानूस मरतंय. तिला मारलं त्याचा राग न्हाई मला. तिला टाकून टोळी गेली, ह्ये न्हाई चालायचं."

सगळे त्यांच्यावर तुटून पडले. अजिनाथ म्हणाला की काकू, हातात आलेलं आयुष्य घालवू नका. छबूमावशीनं फोनवरून बजावलं की गप जिवंत राहा. मीही म्हटलं की आत्याबाई, लोक रडतायत, त्यांचं तरी ऐका. केविन तर हट्टालाच पेटला. त्याचं म्हणणं असं की त्यानं तो काळा पडदा मुद्दाम ठेवला होता. कुणी मेलं तरी काम थांबत नाही, हेच त्याला दाखवायचं होतं, आणि ते खरं आहे. लोकांना ते सोसत नाही, म्हणून तो वाचवायला तयार झाला. पण मेलेल्या बाईबरोबर गावापर्यंत चालत बसायचं, असा खेळ कोण खेळेल? हंगाम कुणासाठी थांबत नाही, मावशी.

"हंगाम न्हाई थांबत," आत्याबाई म्हणाल्या. "आमी थांबलो हुतो."

केविनला चंपाबाई माहीत नव्हती. मामांनी गोष्ट पुन्हा सांगितली, आणि या वेळी आत्याबाईंनी त्यांना अडवलं नाही. स्टेलाबाई एवढंच म्हणाल्या की आपल्याकडंही मयताची पेटी उचलल्याशिवाय कुणी घरी जात नाही, केविन. त्यावर तो म्हणाला की आई, तू तरी माझ्या बाजूनं बोल. पण लॅपटॉप त्यानं पिशवीत घातला, आणि जाताना आत्याबाईंना विचारलं की ट्रॉलीत बायका कुठं बसल्या होत्या आणि पुरुष कुठं.

तर असं ठरलं. बायडाबाई मरणार, कुणी काहीही केलं तरी मरणार. पण त्यानंतर खेळणाऱ्याच्या हातातला कोयता खाली ठेवला जाणार. मुकादम ओरडणार आणि टोळी उठणार नाही. ट्रॉली निघणार, गाव येणार, बायका सामोऱ्या येणार. हा भाग टाळून पुढं जाता येणार नाही, अशी तजवीज केविननं स्वतःहून केली. आणि सामोऱ्या येणाऱ्या बायकांचं रडणं पाहिजे होतं.

त्यासाठी छबूमावशीला सोनईहून बोलावलं. तिच्याएवढं रडणारं आमच्या नात्यात दुसरं कुणी नाही. अंगदनं टेम्पोतून आम्हा सगळ्यांना केडगावला नेलं. पण उभ्या गाद्यांच्या त्या खोलीत, समोर माईक आणि काचेपलीकडं जिवंत बहीण टकामका बघत बसलेली, मावशीला रडूच फुटेना. सूर धरायची आणि फिसकन हसायची. पाणी प्यायली, पाठमोरी उभी राहिली, डोळ्यांवर पदर घेतला. पदराआडून पुन्हा हसू.

आत्याबाई उठल्या. खोलीत गेल्या आणि बहिणीला म्हणाल्या, "हो बाजूला."

त्यांनी पदर डोक्यावरून पुढं ओढला, जमिनीवर बसल्या आणि सूर धरला. केविननं बटण दाबलं की नाही, हे मला आठवत नाही. दाबलं असणार.

"ऊठ गं बायडे, फड सुना पडला गं. पयली मोळी तुजी आसायची गं. पोटात पोर आसताना वाकून ऊस तोडला गं, आन् कुनापुढं हात न्हाई पसरला गं. गाडी चिखलात रुतली तवा बैलाच्या जोडीला खांदा दिला गं. दुसऱ्याच्या लेकराला आदी घास दिला गं. मेलेल्या मानसाला टाकून न्हाई आलीस गं."

काचेच्या अलीकडं मी, अंगद आणि स्टेलाबाई. जी बाई आयुष्यात "बरं हाय"च्या पुढं गेली नाही, ती स्वतःचं एकेक काम मोठ्यानं, हाक मारून सांगत होती. त्यात एक शब्द खोटा नव्हता आणि एक शब्द लाजलेला नव्हता. माझी छाती अभिमानानं भरून आली. वाटलं, सगळ्या वस्तीला इथं आणून उभं करावं.

मग त्या जरा थांबल्या, श्वास घेतला, आणि म्हणाल्या, "सुनंच्या हातातला कोयता काडून घेतलास गं. जमायचा न्हाई म्हनून न्हाई गं. जमला आसता म्हनून घेतलास गं. एकदा जमला की सुटत न्हाई गं. तिच्या वाटची मोळी तूच उचललीस गं बायडे, आन् तिला शिकू दिलंस गं."

मी वळून अंगदकडं बघितलं. तो माझ्याकडं बघेना. त्याला ठाऊक होतं, इतकी वर्षं ठाऊक होतं. त्या एकाच जोडीत तो आईबरोबर राबला होता, आणि तिनं सांगायचं नाही म्हटल्यावर त्यानं सांगितलं नव्हतं.

आत्याबाई बाहेर आल्या, डोळे पुसले आणि चहा मागितला. केविननं कानावरचं काढून ठेवलं. तो भीत भीत म्हणाला की मावशी, फार छान झालं, पण आपल्या गोष्टीत बायडाबाईला सून नाहीये.

"नव्हती," आत्याबाई म्हणाल्या. "आता हाय."

केविननं ते काढलं नाही. नवा भाग आल्यापासून लोक अजूनही केविनवर चिडतात, अजूनही म्हातारीला वाचवायची वाट शोधतात आणि सापडत नाही. पण आता मेल्यावर सगळे तिच्याबरोबर गावापर्यंत जातात. कुणी मधेच सोडत नाही, असं केविन सांगतो. आणि बायडाबाईची ती सून कोण, गेममध्ये ती कुठं दडलेली आहे, यावर लोकांचे वाद चालू आहेत. अजिनाथचं म्हणणं, पाटाकडेच्या कोपीत शोधायला पाहिजे. मी काही बोलत नाही. लोकांनी शोधावं, मला बरं वाटतं.

पण त्या दिवशीचं एक सांगायचं राहिलं. परत निघालो तेव्हा छबूमावशी पुढं अंगदजवळ बसली. आत्याबाई आणि मी मागं, पोत्यांवर. टेम्पो रस्त्याला लागला. आत्याबाईंनी पदर नीट केला, रस्त्याकडं बघत बघत विचारलं, "कसं झालं गं?"

माझ्या तोंडात इतकं काही होतं की काहीच निघेना. शेवटी सवयीनं त्यांचंच निघालं. म्हटलं, "बरं हाय."

त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. "येवढंच?"

मग मी बोलायला लागले. पहिल्या कोयत्यापासून सुरू केलं, आणि मिरजगाव मागं पडलं तरी माझं संपलं नव्हतं. त्यांनी मला मधे एकदाही अडवलं नाही.